ओरडल्याने हात लवकर चालत नाहीत

वाचकहो, रक्तदाब, मधुमेह, ऋतुबदलाचे ताप हे या सदराचे नेहमीचे विषय. आज मात्र एका टीव्ही मालिकेतील एका भागाविषयी लिहिणार आहे. डॉक्टरांनी मालिकांवर कधीपासून लिहायला सुरुवात केली, असे कोणी विचारील. पण या भागात मला जे दिसले ते आरोग्याच्याच खात्यातले आहे, आणि आपल्या गावातील कित्येक भटारखान्यांत, कचेऱ्यांत आणि घरांत ते रोज घडत असते.

मालिकेचे नाव 'द बेअर'. ती अमेरिकेत जून २०२२ मध्ये आली. कथा शिकागो शहरातील एका जुन्या सँडविचच्या दुकानाची. मांसाचे पातळ काप रश्श्यात भिजवून पावात भरायचे, असा तिथला प्रसिद्ध पदार्थ. दुकान चालवणारा थोरला भाऊ वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात सापडतो व आत्महत्या करतो. मागे राहते ते कर्ज, पसारा आणि दुःखी माणसे. धाकटा भाऊ कार्मी हा न्यूयॉर्कच्या नामांकित उपाहारगृहात काम केलेला निष्णात आचारी. तो परत येतो आणि हे दुकान मार्गी लावू पाहतो. त्याच्या हाताखाली सिडनी ही हुशार तरुणी दुय्यम आचारी म्हणून रुजू होते. पाव व केक करणारा मार्कस शांत आणि कामात रमणारा आहे. भावाचा जुना मित्र रिची हा तोंडाळ, पण दुकानावर जीव असलेला.

पहिल्या हंगामाच्या सातव्या भागाचे नाव 'रिव्ह्यू', म्हणजे परीक्षण. भाग जेमतेम वीस मिनिटांचा. त्यातील बहुतेक भाग, सुमारे अठरा मिनिटे, कॅमेरा कुठेही न तोडता सलग घेतलेला आहे. दिग्दर्शक ख्रिस्तोफर स्टोरर यांना या भागासाठी अमेरिकेतील मानाचा एमी पुरस्कार मिळाला. तो सोहळा जानेवारी २०२४ मध्ये झाला. गंमत अशी की, पुरस्कारांत ही मालिका 'विनोदी' गटात होती. भाग पाहताना मला हसू काही आले नाही. उत्सुकता म्हणून मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली. नेहमी पंचाहत्तरच्या आसपास असणारी माझी नाडी नव्वदीच्या पुढे गेली होती, तीसुद्धा खुर्चीत स्वस्थ बसलेलो असताना.

त्या वीस मिनिटांत काय होते?

सकाळी वर्तमानपत्रात दुकानाचे परीक्षण छापून येते. सिडनीने एका गिऱ्हाइकाला चव पाहायला म्हणून एक पदार्थ दिला होता. तो पदार्थ अजून तयार नाही, असे कार्मीचे मत होते. ते गिऱ्हाईक नेमके परीक्षक निघते आणि त्या पदार्थाची स्तुती करते. एरवी ही आनंदाची बातमी. पण कौतुक एकीचे झाले की दुसऱ्यांच्या मनात जे होते, ते इथेही होते. हवा तेव्हाच तापू लागते.

त्याच दिवशी घरबसल्या पार्सलची ऑर्डर देण्याची नवी व्यवस्था सुरू व्हायची असते. यंत्र चालू होते आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्या बाहेर पडू लागतात. एक, दोन, दहा, शंभर. आगाऊ ऑर्डर घेण्याची सोय चुकून उघडी राहिलेली असते. अडीचशेहून अधिक सँडविच, त्याशिवाय कोंबडी, सॅलड, केकचे तुकडे, आणि दुकान उघडायला काही मिनिटेच उरलेली. चिठ्ठ्यांचे यंत्र थांबायला तयार नाही. त्याचा तो कर्र-कर्र आवाज भाग संपल्यावरही कानात राहतो.

मग कार्मीचा तोल जातो. जो सहकाऱ्यांशी आदराने बोलायला शिकवत होता, तोच शिव्या देऊ लागतो. तो सिडनीवर ओरडतो. सिडनी रिचीवर भडकते. वादाच्या भरात तिच्या हातातील सुरी रिचीच्या पार्श्वभागात घुसते. इकडे मार्कसने कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर मनासारखा डोनट केलेला असतो. तो कौतुकाने दाखवायला आणतो आणि कार्मी तो फटक्यासरशी जमिनीवर पाडतो. सिडनी काम सोडून निघून जाते. मार्कसही जातो. वीस मिनिटांपूर्वी ज्या दुकानाची वर्तमानपत्राने वाहवा केली, त्यातील दोन चांगली माणसे रस्त्यावर चालू लागतात.

अॅड्रिनॅलिन कशासाठी असते?

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या लहान ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागली की त्यांतून अॅड्रिनॅलिन हा स्राव काही क्षणांत रक्तात मिसळतो. नाडी वाढते, श्वास जलद होतो, दंडा-मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे रक्त धावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या स्थितीचे वर्णन 'लढा किंवा पळा' असे केले. समोर वाघ आला तर ही योजना उत्तम आहे.

पण भटारखान्यात वाघ नसतो. तिथे लागते ते वेगळेच. कांदा बारीक चिरणारी बोटे स्थिर हवीत, आणि नेमके अॅड्रिनॅलिन वाढले की बोटांना बारीक कंप सुटतो. चार शेगड्यांवर काय कुठवर आले याचा हिशेब एकाच वेळी डोक्यात हवा, आणि घाबरलेल्या मेंदूची ही हिशेब ठेवण्याची शक्तीच आधी मंदावते. मागून कोण उकळते पातेले घेऊन येते आहे याचे भान हवे, आणि घाबरलेल्या माणसाचे लक्ष समोरच्या एकाच गोष्टीवर आवळून बसते. म्हणजे ओरडून आपण माणसाच्या अंगात जे उत्पन्न करतो, ते पळण्याच्या कामाचे आहे, चिरण्या-तळण्याच्या नव्हे.

थोडा ताण उपयोगी असतो हे खरे. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास चांगला होतो तो त्यामुळेच. पण १९०८ साली यर्क्स व डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, काम अवघड असेल तर उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते. माणसाच्या बाबतीतही रोजचा अनुभव असाच आहे. रिचीला लागलेली सुरी हा माझ्या मते निव्वळ अपघात नव्हे. अरुंद जागा, हातात धारदार वस्तू, डोक्यात राग आणि चारी बाजूंनी आरडाओरड ही तिची कारणे आहेत.

डॉक्टरमंडळींनी घेतलेला धडा

'धंद्यात दरारा लागतो, मऊ बोलून कामे होत नाहीत,' असे काही वाचक म्हणतील. हे वाक्य मी दवाखान्यात अनेकदा ऐकले आहे. आमच्या व्यवसायातही ते फार वर्षे चालले. मोठे सर्जन शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारे फेकत आणि बाकीचे ते त्यांच्या हुशारीचे लक्षण मानत.

या समजुतीची परीक्षा झाली आहे. २०१५ साली 'पीडिअॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात इस्राएलमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या चोवीस तुकड्यांना सरावासाठी एक बनावट प्रसंग दिला गेला. अपुऱ्या दिवसांचे बाळ एकाएकी अत्यवस्थ झाले आहे, त्याचे निदान व उपचार करायचे. काही तुकड्यांना आधी एका परदेशी तज्ज्ञाकडून खोचक, अपमानकारक शेरे ऐकवले गेले. शिवीगाळ नव्हे, नुसते शेरे. तेवढ्यानेही त्या तुकड्यांचे निदान व हातकाम दोन्ही घसरले. त्यांनी एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी केले. खोचक बोलण्याने एवढे होत असेल, तर अठरा मिनिटांच्या शिव्यांनी काय होत असेल?

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी-यादी तयार केली. रोगी तोच ना, शस्त्रक्रिया त्याच बाजूची ना, हत्यारांची मोजणी झाली ना, असे प्रश्न तिच्यात आहेत. त्याशिवाय, सुरी लावण्याआधी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे, असेही एक कलम आहे. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यांत आपले नवी दिल्लीही होते, ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नाव सांगितलेला माणूस चूक दिसली की बोलतो. शिवी खाल्लेला माणूस दिसली तरी गप्प बसतो. माझ्या मते सगळे इंगित इथेच आहे.

म्हणून त्या सातव्या भागाकडे मी असा पाहतो. रोग काय होता? यंत्रात एक सोय उघडी राहिली आणि आवाक्याबाहेरच्या ऑर्डरी घेतल्या गेल्या. उपचार काय? यंत्र बंद करणे, जमतील तेवढ्या ऑर्डरी ठरवणे, बाकीच्या गिऱ्हाइकांची क्षमा मागणे, आणि कोणी काय करायचे हे मोठ्या पण स्वच्छ आवाजात सांगणे. त्याऐवजी सगळा जोर गुन्हेगार शोधण्यात गेला. ताप आलेल्या रोग्याला 'तुला ताप आलाच कसा?' म्हणून झापण्यासारखे हे झाले.

मोठ्या आवाजाला माझा विरोध नाही, हेही सांगतो. याच मालिकेत आचारी एकमेकांच्या मागून जाताना 'मागे आहे' म्हणून हाक देतात, कोपऱ्यावर वळताना 'कोपरा' म्हणतात. ती हाक मोठ्यानेच द्यावी लागते. तिने हात वाचतात. हृदय बंद पडलेल्या रोग्याला वाचवताना आम्हीही मोठ्याने बोलतो. फरक एवढाच, की त्या आवाजात माहिती असते. अपमान नसतो.

आणखी एक गोष्ट पाहा. पडद्यावर एवढा गोंधळ दाखवणारा हा भाग सलग अठरा मिनिटे चित्रित करायचा, तर नटांपासून कॅमेरा धरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपली जागा आणि वेळ अचूक माहीत असावी लागते. एकाचे पाऊल चुकले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तो गोंधळसुद्धा शिस्तीने, सरावाने आणि एकमेकांवरच्या विश्वासानेच उभा राहिला.

राग वरून खाली उतरतो

दुसऱ्या भागातील एक प्रसंग सातवा भाग पाहताना मला आठवत राहिला. न्यूयॉर्कच्या त्या झगमगीत भटारखान्यात कार्मीचा वरिष्ठ त्याच्या कानाशी येऊन हळू आवाजात त्याचा पाणउतारा करतो. मेलास तर बरे, इथवर त्याची मजल जाते. कार्मी मुकाट ऐकतो, हात चालू ठेवतो. त्या माणसासारखे आपण व्हायचे नाही, असे त्याला मनापासून वाटते. पण शिकागोत यंत्र कर्रकर्रू लागते तेव्हा त्याच्या तोंडून त्याच जातीचे शब्द बाहेर पडतात.

आम्ही डॉक्टर संसर्गाविषयी सतत बोलतो. हगवण कशी पसरते, क्षय कसा पसरतो, हे सांगतो. रागही तसाच पसरतो. तो वरून खाली जातो, कारण खालून वर जायला त्याला वाट नसते. मालक वस्तादावर ओरडतो, वस्ताद आचाऱ्यावर, आचारी भांडी घासणाऱ्या पोऱ्यावर. पोऱ्या घरी जाऊन धाकट्या भावाला मारतो. साहेबांची बोलणी खाऊन आलेला कारकून जेवणाच्या ताटावर बसून काय करतो, हे त्याच्या बायकोला विचारा.

शिकागोच्या त्या यंत्राचे भाऊबंद आता आपल्याकडेही पोचले आहेत. काउंटरवरचा मोबाइल पार्सलच्या ऑर्डरीने वाजत असतो, दारात पाठीला पिशवी लावलेला मुलगा घाई करत उभा असतो. त्याच वेळी आतल्या टेबलावरचे गिऱ्हाईक 'अहो, किती वेळ?' म्हणून विचारते. माझ्याकडे हॉटेलांतून येणारे रोगी ठरलेले. तेलाने भाजलेले हात, सुरीने कापलेली बोटे, सदा पाण्यात राहून चिघळलेली नखे, पायांच्या फुगलेल्या शिरा, आणि दुपारचे जेवण चार वाजता होत असल्याने जळणारे पोट. गेल्या उन्हाळ्यात एक विशीतला मुलगा मनगटापासून कोपरापर्यंत भाजून आला. ड्रेसिंग करताना कसे झाले म्हणून विचारले. 'घाई चालली होती, मागून जोरात ओरडले, मी दचकून वळलो,' एवढेच तो म्हणाला. त्याला दुखण्यापेक्षा भीती होती ती उद्या कामावर घेतील की नाही याची.

हे वर्षानुवर्षे चालले की रक्तदाब वाढतो, झोप उडते, चिडचिड वाढते, आणि ती शमवायला रात्री बाटली उघडते. मालिकेतील थोरल्या भावाची शोकांतिका अशीच गोळ्यांतून झाली. आपल्या भोवती कोणी सतत निराश राहत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. डॉक्टरांकडे आणा. सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही बोलते.

करण्यासारखे काही

१. हॉटेलमालकांनी गर्दीच्या वेळी किती पार्सले झेपतील ते आधी ठरवावे. त्यापुढे ऑर्डर घेणे बंद ठेवावे. एका तासाची विक्री बुडते, पण चांगला आचारी टिकतो.

२. गर्दी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी एकत्र उभे राहून कोणाकडे काय काम, काय संपले आहे, हे बोलून घ्यावे. चूक झाली तर ती गर्दी ओसरल्यावर, आणि बाजूला घेऊन सांगावी.

३. सुरी हातात असताना वाद घालू नये. आधी सुरी खाली ठेवावी, मग काय ते बोलावे. हा नियम घरच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

४. भाजल्यास जागा वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या काढाव्यात. कापल्यास स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. टोकदार वस्तू खोल रुतून बसली असेल तर ती उपसू नये. तशीच स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे.

५. राग आला की उत्तर देण्यापूर्वी चार-पाच सावकाश श्वास घ्यावेत. श्वास सोडायला जास्त वेळ लावावा. नाडी खाली येते हे स्वतः मोजून पाहता येईल.

६. आणि आपण गिऱ्हाईक असू तेव्हा दहा मिनिटे थांबावे. पोह्यांची बशी उशिरा आल्याने कोणाची प्रकृती बिघडत नाही.

मालिका पाहायची तर जरूर पहा, मात्र लहान मुलांना सोबत बसवू नका. भाषा फार शिवराळ आहे. ज्यांना छातीत धडधडण्याचा किंवा घाबरे होण्याचा त्रास आहे, त्यांनी सातवा भाग झोपण्यापूर्वी पाहू नये.

सातव्या भागाच्या शेवटी एक छोटीशी गोष्ट आहे. सगळे पांगल्यावर कार्मी जमिनीवर पडलेला तो डोनट उचलतो आणि चाखतो. तो उत्तम झालेला असतो. पुढच्या भागात तो क्षमा मागतो, माणसे परत येतात. मालिकेत हे एका आठवड्यात किंवा एका रात्रीत जमते. आपल्याकडे गेलेला माणूस सहसा परत येत नाही. तो दुसऱ्या हॉटेलात लागतो आणि तिथल्या पोऱ्यावर ओरडू लागतो. म्हणून डोनट हातात आहे तेव्हाच चाखावा, आणि चांगला झाला असेल तर तसे तोंडाने म्हणावे. या औषधाला पैसे पडत नाहीत आणि त्याचा दुष्परिणाम माझ्या तरी पाहण्यात नाही.